टेलिफोन यंत्रणेआधी अर्थिंग पाहा

महोदय,

जळगाव-धुळ्यातले दालमिलवाले, केळीचे व्यापारी, पतसंस्था नवी ईपीएबीएक्स (ऑफिसातले सगळे फोन जोडणारी) यंत्रणा घेताना एक्स्टेन्शन (आतले फोन) किती, एवढंच विचारतात. अर्थिंगबद्दल कुणी विचारत नाही. वळवाच्या पावसात वीज लांब पडली, तरी बाहेरून आलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा जादा दाब शिरतो आणि ट्रंक कार्ड (यंत्रणेला बाहेरच्या लाइन जोडणारं सर्किट) जळतं. बाहेरून येणाऱ्या तारांच्या प्रत्येक जोडीवर सर्ज प्रोटेक्टर (जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण) हवाच. पण त्याची अर्थची तार ढिली असेल तर तो निरुपयोगी. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरिंग आणि अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा.

आयपी फोनवर (डेटा नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनवर) जी.711 कोडेकला, म्हणजे आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीला, एका संभाषणासाठी प्रत्येक दिशेने सुमारे 90 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, म्हणजे फारच थोडे. तरी आवाज तुटतो, कारण बऱ्याचदा त्याच लाइनवरून सीसीटीव्हीचं फुटेज वर जात असतं. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्या. यूपीएसवर नेटवर्क स्विच आणि राउटरही जोडा, नाहीतर वीज जाताच सगळे फोन बंद.

चार रिंगनंतर फोन दुसऱ्या टेबलावर जाण्याची सोय बहुतेक यंत्रणांत असते; बसवणाऱ्याकडून ती त्याच दिवशी चालू करून घ्या.

– एक टेलिफोन तंत्रज्ञ, जळगाव