चिमणाळ्यावर आपल्या अंगणातले पक्षी असावेत

महोदय,

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधले आठ दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. त्या निमित्ताने आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. या आठ दिवसांत रोज एका पक्ष्याचा, कापून कापडावर ठेवता येईल असा तळहाताएवढा आराखडा छापावा. ज्या घरात नुकतंच नातवंड आलं आहे, तिथल्या आजी-आजोबांना त्यावरून चिमणाळं शिवता येईल.

पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं आता कमी दिसतं. त्या जागी चावीवर फिरणारी प्लास्टिकची खेळणी आली. बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्यांना त्यांतला हत्ती छान दिसतो, पाळण्यात पडलेल्या बाळाला मात्र त्याचे तळपायच दिसतात. जुन्या चिमणाळ्यांतही हा दोष होताच. चपटी चिमणी पाठीवर दोरा बांधून टांगली की खालून फक्त शिवणीची रेघ दिसते. म्हणून आराखडा पंख पसरलेल्या पक्ष्याचा, खालून दिसतो तसा हवा.

पहिले काही आठवडे बाळाला स्पष्ट दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आजीचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक त्याची नजर आधी धरते. म्हणून पहिला मान दयाळाचा. नराचं डोकं, गळा आणि छाती काळीकुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र. दुसरा धोबी, पांढऱ्या अंगावर छातीशी काळा डाग असलेला.

शिवायला जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं, पुष्कळदा धुऊन मऊ झालेलं कापड घ्यावं. चोचीपासून शेपटीपर्यंत १० सेंटिमीटर पुरे. कडेने अर्धा सेंटिमीटर शिलाईला सोडून पाठीचा आणि पोटाचा असे दोन तुकडे कापायचे. पोटाच्या तुकड्यात काळं-पांढरं कापड आधीच जोडून घ्यायचं. उलट बाजूने शिवून, पंखाखाली दोन बोटं जागा सोडून सुलटं करायचं, कापूस भरायचा आणि तोंड बारीक टाक्यांनी बंद करायचं. दोरा पाठीवर, दोन्ही पंखांच्या मध्ये, थोडा डोक्याकडे यावा. गाठ मारण्याआधी सुईने उचलून पाहा. चोच खाली झुकली तर टाका डोक्याकडे सरकवा, शेपूट झुकली तर मागे. डोळ्याला मणी नको, काळ्या दोऱ्याचे चार टाके घाला. आरसे, टिकल्या, घुंगरू यांतलं काहीच नको, कारण सुटलेला मणी थेट तोंडात जातो. लोंबता दोरा २० सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा. पाळण्याची दांडी उंच असेल तर दोरा वाढवू नका, पक्षी ज्या काटक्यांच्या फुलीला बांधले आहेत ती फुलीच खाली आणा. टांगल्यावर प्रत्येक पक्षी जोर लावून ओढून पाहा.

चिमणाळं बाळाच्या डोळ्यांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, पण अगदी डोक्यावर नव्हे, तर छातीच्या रेषेत थोडं बाजूला असावं. तान्हं बाळ उताणं झोपलं तरी मान एका कुशीला वळवून असतं, त्यामुळे सरळ वरचं त्याला दिसत नाही. बाळ हात मारू लागलं की फुली वर घ्यायची. हातांवर जोर देऊन छाती उचलू लागलं, किंवा पाच महिन्यांचं झालं, की चिमणाळं काढून टाकायचं. याला अपवाद करू नये. खंड्या, तांबट, हळद्या यांचे रंग त्याला नीट कळू लागतात ते याच सुमारास, म्हणून रंगीत पक्षी टांगण्याऐवजी हातात धरून दाखवावेत.

खिडकीतला खरा पक्षी दिसायला वेळ लागतो, ऐकू मात्र पहिल्या दिवसापासून येतं. तांबटाचं एका लयीतलं टुक-टुक किंवा शिंप्याचा अंगापेक्षा मोठा आवाज आला की क्षणभर थांबून त्या पक्ष्याचं नाव घ्यावं. बाळाच्या कानाशी मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नयेत. विणीच्या दिवसांत बाहेरचा नरही त्याने बिथरतो, आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजतो. आजोबांनी स्वतःचीही परीक्षा घ्यावी. वयोमानाने आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. सूर्यपक्ष्याची चोच हलताना दिसते आणि आवाज येत नाही, असं होत असेल तर कान तपासून घ्यावेत.

दुर्बिणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘मला त्यातून दिसत नाही’ म्हणून ती कपाटात ठेवून देणारे आजी-आजोबा पुष्कळ. ८ × ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची दुर्बीण या वयाला बरी. १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत फिरवायच्या, नसेल तर बाहेर. दोन गोल एक होईपर्यंत दोन्ही नळ्या जवळ-दूर करायच्या. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायचं. नंतर डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवायची. ही कडी एकदाच लावायची असते. ती न लावल्यामुळे बहुतेकांचं डोकं दुखतं. पक्षी सापडत नसेल तर नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. बाळ कडेवर असताना मात्र दुर्बीण गळ्यात नको. वाकताना ती बाळाच्या टाळूवर आदळू शकते. बाळाने मान धरेपर्यंत दोन्ही हात त्याच्यासाठीच मोकळे हवेत.

पाण्याचं भांडं पसरट मातीचं, जास्तीत जास्त दोन इंच खोल, मध्ये एक दगड ठेवलेलं असावं. पाणी रोज बदलावं आणि आठवड्यातून एकदा भांडं आतून घासावंच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात आणि सुकल्यावरही महिनोन्महिने टिकतात. घरात तान्हं बाळ असताना हा धोका पत्करू नये.

धान्य टाकू नये, यावर माझा भर आहे. ज्वारी-तांदूळ टाकले की आठवड्यात पारवे गॅलरी बळकावतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि दुपटी-लंगोट वाळत असतात ते त्याच गॅलरीत. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावून, आधी पाण्याने भिजवून, मग पुसून काढा, आणि त्या वेळी बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असू द्या. जाळी लावली तर ती ताणून बसवा, सैल जाळीत बुलबुलाचे पंख अडकतात. धान्याऐवजी कुंडीत जास्वंद, हमेलिया आणि कढीपत्ता लावावा. फुलांवर सूर्यपक्षी येतो, कढीपत्त्याच्या पिकल्या फळांवर बुलबुल. कीटकनाशक अजिबात नको.

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाणाऱ्यांनाही तिथे हा छंद चालू ठेवता येतो. गुंजन पक्ष्यांसाठी (हमिंगबर्ड) टांगायच्या भांड्यात एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी घ्यावं, मध किंवा लाल रंग घालू नये, आणि उन्हाळ्यात ते दर दोन दिवसांनी बदलावं. हे भांडं काचेपासून एक मीटरच्या आत टांगावं. त्याहून थोडं लांब टांगलं तर तिथून उडालेला पक्षी वेगाने काचेवर आदळतो.

नोंद ठेवायची तर १५ मिनिटं पुरतात: तारीख, वेळ, पक्षी आणि आकडा. ‘खूप साळुंक्या’ लिहू नये, सात असतील तर सात लिहावं. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जगभरच्या पक्षिगणनेसाठीही एवढीच नोंद लागते, आणि ती गॅलरीत बसूनही करता येते.

आपल्या आराखड्यांसाठी क्रम सुचवतो: दयाळ, धोबी, चिमणी, बुलबुल, मग तांबट, खंड्या, वेडा राघू आणि आठव्या दिवशी आपला राज्यपक्षी हरियाल. पहिले चार टांगायचे, उरलेले चार हातात धरून दाखवायचे. आराखड्याशेजारी मोठ्या टायपात दोन सूचना जरूर छापाव्यात: शाईचा कागद पाळण्यावर टांगू नये, आणि बाळ छाती उचलू लागताच, किंवा पाच महिन्यांचं होताच, चिमणाळं उतरवावं.

आपला,
एक पक्षिप्रेमी वाचक, पुणे