थिंगवेल्लीरला पाऊण तास नको

वाई, १८ मे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी आईसलँडची यादी मिळाली. चार दिवस आणि एकोणीस ठिकाणं. बाबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मी सोबत नकाशा उघडून बसले. धबधबे, उसळणारे गरम झरे, हिमनदी, काळ्या वाळूचा किनारा, सगळं आहे. थिंगवेल्लीरच्या खोऱ्यासमोर तू "४५ मिनिटं" असं लिहिलं आहेस, म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो आई" म्हणशील आणि विषय तिथेच संपेल.

पाऊण तास आम्हालाही मिळाला होता. आमच्या टूरवाल्यांनी बस उभी केली, वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली आणि उरलेल्या वेळात तिथल्या घळीतून खाली उतरून परत वर यायचं होतं. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर एकमेकांकडे पाठ केलेले दोन बाण काढले आणि मुलांना सांगितलं, भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, असे दूर सरकतात. ते बाण जिथे खरे आहेत तिथे मी उभी होते आणि मागून गाइड शिट्टी वाजवत होता. दोन वर्षं झाली, ती रुखरुख अजून जात नाही. म्हणून तुला सांगते, बाकीची पाच-सहा ठिकाणं कमी कर, पण तिथे अख्खा दिवस दे.

तिथे नेमकं काय आहे ते नीट समजून घेऊन जा. अटलांटिक महासागराच्या तळाशी जी मध्यवर्ती पर्वतरांग आहे, ती आईसलँडमध्ये पाण्याबाहेर येते. उत्तर अमेरिकेचा पट्ट पश्चिमेकडे आणि युरेशियाचा पूर्वेकडे, वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर असे दूर जातात. मधली जमीन ताणली जाते, तडकते आणि खचते. पश्चिमेला अल्मन्नाग्यौ नावाची लांबच लांब घळ आहे. तिचा उभा कातळकडा म्हणजे या खचलेल्या खोऱ्याची एक भिंत. दुसरी बाजू पार पूर्वेला, कित्येक किलोमीटरवर. त्यामुळे एका भेगेत दोन हात पसरून "हा हात अमेरिकेवर, हा युरोपवर" असे जे फोटो लोक काढतात, ते खरे नाहीत. सीमा म्हणजे एक रेघ नव्हे, ते सगळं खोरंच सीमा आहे. ही जमीन सावकाश खचते आणि कधी एकदमही. १७८९ साली काही दिवस भूकंप होत राहिले आणि खोऱ्याचा तळ मीटरभराहून जास्त खाली गेला.

त्या कड्याला हात लाव. मी लावला आणि क्षणभर मला कृष्णेच्या घाटाची पायरीच आठवली. तोच काळा बेसाल्ट, तसाच खरखरीत. फरक एकच, आणि तो बोटांना कळतो. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून दगडात छिद्रं राहतात. आपला सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या छिद्रांमधून लाखो वर्षं पाणी झिरपलं आणि आत पांढरे, गुलाबी स्फटिक धरले. चौथीत असताना तू खोकं भरून जमवलेल्या गारगोट्या त्याच. थिंगवेल्लीरचा लाव्हा जेमतेम दहा हजार वर्षांचा, म्हणून त्याची छिद्रं अजून रिकामी आहेत. दगडाचं बाळपण कसं असतं ते मला तिथे पहिल्यांदा हाताला लागलं. आपला दख्खन जुन्या खंडाच्या पाठीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आणि आईसलँड समुद्राच्या भेगेतून वर आलेलं, म्हणजे दोघांची जन्मकथा एक नाही. तरी दगड ओळखीचा वाटतो.

आता माणसांचं. इ.स. ९३० साली या बेटावरच्या लोकांनी ठरवलं की दर उन्हाळ्यात सगळ्यांनी याच जागी जमायचं. ती सभा म्हणजे अल्थिंग. राजा नाही, सैन्य नाही, शिपाई नाही. सभेत खटल्याचा निकाल मिळाला तरी तो अमलात आणायचं काम जिंकणाऱ्याचंच. पूर्व किनाऱ्यावरचे लोक पंधरा-सतरा दिवस घोड्यावरून प्रवास करून यायचे आणि दोन आठवडे राहायचे. त्यांच्या मुक्कामाच्या दगडी जोत्यांचे उंचवटे गवताखाली अजून दिसतात. कायदा लिहिलेला नव्हता. कायदा सांगणारा एक माणूस निवडलेला असे आणि तो कायद्याच्या कातळावर उभं राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा. तीन वर्षांत पूर्ण कायदा लोकांच्या कानांवरून जायचा. लिहून काढायला सुरुवात झाली ती १११७-१८ च्या हिवाळ्यात. पाठशाळेवरून शाळेत जाताना वेदांचं पठण ऐकत वाढलेला मुलगा तू, तुला हे पटायला जड जाणार नाही. मागे कातळाची भिंत असल्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज खाली मैदानात पोचायचा. जमीन फाटली म्हणून भिंत उभी राहिली आणि भिंत होती म्हणून सभेला जागा मिळाली. निसर्ग पाहायला एक ठिकाण आणि इतिहास पाहायला दुसरं, अशी वाटणी तिथे करताच येत नाही.

एक गोष्ट मात्र तिथेच बसून आठव. साधारण इ.स. १००० च्या उन्हाळ्यात सभेत दोन तट पडले, जुने देव मानणारे आणि ख्रिस्ती झालेले. दोघांनी वेगवेगळा कायदा करायचा घाट घातला. तेव्हा कायदा सांगणारा होता थोर्गेईर, स्वतः जुन्या देवांना मानणारा. निर्णय त्याच्यावर सोपवला गेला. तो आपल्या राहुटीत गेला, अंगावर पांघरूण ओढून एक दिवस आणि एक रात्र कुणाशी न बोलता पडून राहिला. मग बाहेर आला आणि म्हणाला, कायदा फाटला तर शांतताही फाटेल. सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं, पण घरात गुपचूप कुणी जुन्या देवांना पूजलं तर त्याला शिक्षा नाही. निकाल त्याच्या स्वतःच्या देवांच्या विरुद्ध होता. ज्या जमिनीवर उभा राहून तो हे बोलला ती पायाखाली फाटत होती, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. मला ते वर्गात सांगता आलं नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

त्या कातळापासून थोडं पुढे, ओक्सारा नदीवर, एक डोह आहे. तिथेही थांब. पाणी नितळ आहे आणि जागा इतकी सुंदर की लोक तिथे हसत फोटो काढत असतात. सोळाव्या शतकात नीतिमत्तेबद्दलचा कडक कायदा आला आणि त्यानंतर या डोहात बायकांना बुडवून मारलं गेलं. कुणाला लग्नाबाहेर मूल झालं होतं, कुणावर मूल मारल्याचा आरोप होता. अठरा जणींची नोंद आहे. जगातल्या जुन्यात जुन्या लोकसभांपैकी एक म्हणून या जागेचं कौतुक होतं ते मीही करते, पण त्या काठावर मला बोलवेना. बाबा पुढे गेले होते. मी एकटीच उभी होते आणि तेवढ्यात ती शिट्टी वाजली.

तुझ्या कोपनहेगनचाही यात धागा आहे. हे बेट आधी नॉर्वेच्या आणि मग डेन्मार्कच्या राजाकडे गेलं. इथली शेवटची सभा १७९८ साली भरली. त्यांच्या जुन्या चामडी पोथ्या तुझ्या शहरात होत्या. त्यातल्या दोन सर्वांत मोलाच्या १९७१ साली डेन्मार्कने परत दिल्या, तेव्हा जहाज बघायला बंदरावर हजारो लोक लोटले होते. आणि १९४४ साली, १७ जूनला, पावसात उभं राहून त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं ते थिंगवेल्लीरलाच. तुझी तारीख बघ, तू १७ जूनला तिथेच आहेस.

आता थोडं आईचं ऐक. तिथल्याच सिल्फ्रा नावाच्या पाण्याने भरलेल्या भेगेत उतरायचं म्हणतोस. हिमनदीचं पाणी वर्षानुवर्षं लाव्ह्यातून झिरपत तिथे येतं, म्हणून शंभर मीटरपर्यंत आरपार दिसतं, पण ते दोन ते चार अंशांचं असतं. पाणी न शिरणारा पोशाख घालून, जाणत्या माणसाबरोबरच उतर. रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करू नकोस. तिथे शांत पाण्यातून एकाएकी मोठी लाट येते आणि माणूस ओढला जातो. शेवाळावर पाय देऊ नकोस, ते पुन्हा उगवायला कित्येक वर्षं लागतात. दगड उचलून आणू नकोस. तुझ्या गारगोट्यांचं खोकं कपाटावर तसंच आहे, मी पुसते अधूनमधून.

पाचवीत तुला नाणेघाटात नेलं होतं, आठवतं? नळीतून वर येताना तू सारखा विचारत होतास की ही वाट कुणी फोडली. मी जकातीचा रांजण दाखवला, सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख दाखवला आणि तू गुहेत बसून डबा खाल्लास. घाई नव्हती, परतीची एसटी संध्याकाळची होती. तसाच जा. डबा घे, स्वेटर घे, कातळाजवळ बस.

जूनमध्ये तिथे रात्र अशी होतच नाही. तिथले रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. मी उठलेली असते, चहा ठेवत असते. तेव्हा फोन कर. आणि व्हिडिओवर कड्याची छिद्रं जवळून दाखव. मला नीट बघायची राहिली आहेत.

तुझी,
आई