दादा, दोन महिन्यांच्या स्टॉकला लगेच हो म्हणू नकोस

हाँगकाँग, जानेवारी

दादा,

तुझा मेसेज मिळाला. फोनवर बोलण्यापेक्षा लिहूनच पाठवतो, कारण फोन केला की तू आपल्या फाउंड्रीत फेटलिंगच्या शेडमध्ये, कास्टिंग घासतात तिथं, असतोस आणि निम्मं ऐकूच येत नाही, शिवाय हे पप्पांना पण निवांत वाचून दाखवायचं आहे. आईला सांग तब्येत एकदम मस्त आहे, कांदा-लसूण चटणी अजून शिल्लक आहे, हितल्या नूडल्सवर पण तीच टाकतो आणि शेजारी बसणारा चिनी पोरगा आता रोज डब्यात डोकावतो.

तू विचारलंस की ते युरोपचं गिऱ्हाईक म्हणतंय शिरोलीच्या आपल्या कारखान्यात दोन महिन्यांची लोखंडी कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, तयार ठेवा आणि पेमेंट 60 च्या ऐवजी 120 दिवसांनी घ्या, तर काय करू. योगायोग बघ, नेमकं याच विषयावर मोठमोठी माणसं बोलताना मी या आठवड्यात ऐकून आलोय. हितं दरवर्षी जानेवारीत एशियन फायनान्शिअल फोरम भरतो, 2007 पासून, हाँगकाँग सरकार आणि हितलं ट्रेड डेव्हलपमेंट कौन्सिल मिळून घेतात, वान चायला समुद्राला लागून जे कन्व्हेन्शन सेंटर आहे तिथं. मी बँकेत एलसीची, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बँकेनं दिलेल्या पेमेंटच्या हमीची, कागदं तपासणारा माणूस, मला कोण बोलावतंय, पण आमच्या डिपार्टमेंटला एक पास आला आणि साहेबांना त्या दिवशी दुसरं काम निघालं. म्हणाले जा, ऐकून ये, आणि एक पानाचा रिपोर्ट दे. रिपोर्ट दिलाय, पण त्यात जे लिहिता येत नाही ते तुला लिहितोय.

पहिल्यांदा सांगतो, ही सभा आपल्याकडच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेसारखी असेल असं समजू नकोस, हितं कोणी खुर्चीवर उभं राहून नामंजूर नामंजूर ओरडत नाही आणि पोलीस बंदोबस्त पण लागत नाही. प्रश्न विचारायचा असेल तर मोबाईलवरनं टाईप करायचा, तो मॉडरेटरच्या हातातल्या टॅबवर जातो आणि तो त्यातले गोड गोड निवडून विचारतो. मी पण एक टाकला होता, त्याचं पुढं सांगतो.

मला जागा कडेला मिळाली होती, त्याचा एक फायदा झाला. स्टेजच्या खाली बोलणाऱ्याच्या समोर एक छोटा स्क्रीन असतो, त्यावर मिनिटं उलटी मोजत जातात आणि वेळ संपत आली की आकडे लाल होतात. मधल्या लोकांना तो दिसत नाही, मला दिसत होता, आणि एकदा तो नाद लागला की भाषण बाजूला राहतं आणि लाल झाल्यावर माणूस काय गाळतो आणि काय ठेवतो तेवढंच बघत बसतो आपण. एक फंडवाला अमेरिकेच्या टॅरिफवर बोलत होता, 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या बऱ्याच मालावर 50 टक्के लागलं ते पण त्यानं सांगितलं, व्हिएतनाम सांगितलं, चीन सांगितलं, आता लहान कारखान्यांवर काय परिणाम होतोय त्यावर येणार तेवढ्यात आकडे लाल, आणि गड्यानं ती स्लाईड पुढं सरकवून थेट आपला फंड कसा सुरक्षित आहे त्यावर उडी मारली. लई हुशार माणूस.

सेंट्रल बँकेची माणसं मात्र वेगळी. ती कागद सोडून एक शब्द बोलत नाहीत. शेजारची बाई कंटाळून मोबाईल बघत होती, पण मला तेच बरं वाटलं, कारण त्यांच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडं झाला तर त्याच मिनिटाला मार्केट हलतं हे त्यांना माहीत असतं. त्यात हाँगकाँगचं गणित तर आणखीनच वेगळं, हितला डॉलर 1983 पासून अमेरिकन डॉलरला 7.80 ला बांधलाय, 7.75 ते 7.85 च्या आतच फिरतो, त्यामुळं व्याजदर पण अमेरिकेच्या मागंमागंच जातात. रुपया नव्वदीच्या पुढं गेला तेव्हा आपल्याकडं केवढी चर्चा, हितल्या लोकांना चलन पडतं म्हणजे काय हे फक्त दुसऱ्याच्या देशात बघायची सवय.

आता मुद्द्याचं. दुपारी एक पॅनेल होतं, दोन बँकांची माणसं, एक शिपिंगचा आणि एक मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा खरेदी बघणारा. सगळ्यांचं एकच, कोविडमध्ये माल अडकला, लाल समुद्रात जहाजांवर हल्ले झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागल्या, टॅरिफ आज एक उद्या एक, तेव्हा आता एकाच सप्लायरवर विसंबायचं नाही आणि थोडा जास्तीचा माल कायम हाताशी ठेवायचा. सगळे माना डोलवत होते. बरोबरच आहे की, चूक काहीच नाही. पण तो जास्तीचा माल नक्की कुणाच्या गोडाऊनमध्ये पडून राहणार आणि त्याच्यावरचं व्याज कोण भरणार हे पाऊण तासात एकदाही निघालं नाही. मी मोबाईलवर हाच प्रश्न टाकला. मॉडरेटरनं टॅबवर बोट फिरवलं, आणि विचारलं काय तर पुढच्या पाच वर्षांत कुठल्या देशाबद्दल तुम्ही आशावादी आहात.

नंतर कॉफीच्या रांगेत मलेशियाचा एक माणूस भेटला, रबरचे पार्ट बनवतो, पप्पांच्या वयाचा असेल. त्याला मी म्हटलं असा असा प्रश्न टाकला होता, तर हसायलाच लागला, म्हणाला माझ्या गोडाऊनमध्ये ये, तिथं उत्तर ठेवलंय, छपरापर्यंत. मग आम्ही दोघं पुढचं सेशन सोडून तिथंच उभ्या उभ्या बोलत बसलो आणि खरं सांगायचं तर दिवसभरात तेच सगळ्यात कामाचं झालं. त्यानं आपल्या गिऱ्हाईकाला काय सांगितलं ते ऐकून मी तुझा हिशोब त्याच कागदावर मांडला.

बघ, त्या गिऱ्हाईकाचा माल महिन्याला 20 लाखाचा धर. दोन महिन्यांचा स्टॉक म्हणजे 40 लाख. पेमेंट 60 वरनं 120 वर गेलं म्हणजे आणखी दोन महिन्यांची बिलं बाहेर, परत 40 लाख. एकूण 80 लाख जास्तीचे अडकले. तुझी कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडनं धंद्यासाठी घेतलेली उचल, 10 टक्क्यांनी धर, वर्षाला 8 लाख नुसतं व्याज, आणि वर्षाची विक्री 2 कोटी 40 लाख. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागं तीन रुपये तेहतीस पैसे गेले. स्टॉक मी विक्रीच्या भावानं धरलाय, कॉस्टनं धरलास तर थोडं कमी येईल, पण मी गंजाचा खर्च धरलाच नाही. आपल्या पावसात कास्टिंग दोन महिने पडून राहणार, तेल मारा, पिशव्या भरा, आणि तरी जुलैमध्ये वरच्या थराला तांबूस कोट चढतोच, मग तो काढायला परत शॉट ब्लास्टिंग. हे त्या पॅनेलवाल्याला कोण सांगणार.

आता तुझं ते गिऱ्हाईक मोठं आहे, त्याला युरोपात समज 4 टक्क्यांनी पैसा मिळतोय. तेच 80 लाख त्यानं अडकवले तर त्याला वर्षाला 3 लाख 20 हजार लागतात, तुझ्या निम्म्याहून कमी. मग ज्याला पैसा स्वस्त मिळतो त्यानं माल धरावा का ज्याला महाग मिळतो त्यानं? भांडायचं काहीच कारण नाही, नुसतं हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून त्याला मेल कर. मलेशियावाल्यानं हेच केलं, गिऱ्हाईक स्टॉकवर अडून बसलं तेव्हा त्यानं भावात ते व्याज धरून दोन रेट दिले, एक स्टॉकसकट आणि एक स्टॉकशिवाय, आणि गिऱ्हाईकानं मुकाट एका महिन्याच्या स्टॉकवर मिटवलं.

120 दिवसांचं पण तसंच. त्यांना 120 हवेतच तर म्हणावं तुमच्या बँकेची सप्लायर फायनान्स स्कीम आहे का. त्यात काय होतं, आपला माल पोचला, बिल त्यांनी मंजूर केलं की त्यांची बँक थोडं व्याज कापून आपल्याला लगेच पैसे देते, आणि ते व्याज लागतं त्यांची पत बघून, आपली नव्हे. ते बँकेला 120 दिवसांनी देतात. आमच्या टेबलावर रोज अशी बिलं येतात, यात नवीन काही नाही, फक्त आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. आणि काहीही ठरलं तरी उधारीवर माल जाणार असेल तर ईसीजीसीचं कव्हर, म्हणजे गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा, घेतल्याशिवाय कंटेनर हलवू नकोस. सरकारी कंपनी आहे, 1957 पासूनची, पूर्ण रक्कम नाही पण बराचसा भाग वाचतो. पप्पा म्हणतील इतक्या वर्षांत कधी बुडाले नाहीत, तर त्यांना म्हणावं आधी इतके दिवस उधार पण कधी दिलं नव्हतं.

दुसरा तुझा प्रश्न, बँकवाले म्हणतायत युरोमध्ये पॅकिंग क्रेडिट, म्हणजे एक्स्पोर्टचा माल बनवायला मिळतं ते कर्ज, घ्या, व्याज कमी पडतं. यावर एका म्हाताऱ्या बँकरचं भाषण मला खरंच आवडलं, 1997 बद्दल बोलला. 2 जुलै 1997 ला थायलंडनं बाट हे आपलं चलन ठरलेल्या भावातनं मोकळं सोडलं आणि तिथनं इंडोनेशिया, कोरिया सगळीकडं आग लागली, आणि त्याच्या मुळाशी काय होतं तर कंपन्यांनी थोड्या मुदतीची डॉलरमधली कर्जं घेतली होती कारण व्याज कमी, आणि कमाई होती आपल्या चलनात. चलन पडलं, कर्ज रातोरात फुगलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तर हाँगकाँग सरकारनं स्वतः बाजारात उतरून शेअर विकत घेतले. तर तुझ्यापुरतं एवढंच, जेवढी बिलं युरोमध्ये येणार आहेत त्याच्या आतच कर्ज युरोमध्ये घे, येणाऱ्या युरोतनंच ते फिटतं, रुपया कुठंही जाऊ दे. पण पुण्याच्या ट्रॅक्टरवाल्याला जो माल जातो त्याच्यासाठी एक युरो पण उचलू नकोस. युरोची जी बिलं कर्ज फेडून उरतील त्यातल्या निम्म्याला फॉरवर्ड कव्हर कर, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव बँकेशी आजच ठरवून टाक, आपल्याकडचं व्याज युरोपपेक्षा जास्त असल्यामुळं पुढच्या तारखेचा युरो आजच्यापेक्षा थोडा चढाच मिळतो, एक्स्पोर्टरला ते फायद्याचं. रेट आणखी वर जाईल म्हणून थांबायचं हा पप्पांचा आवडता खेळ, त्यातनं त्यांना हळूच बाजूला काढ.

ग्रीन फायनान्सवर, म्हणजे पर्यावरणासाठीच्या पैशावर, पण अख्खी सकाळ होती, बरंचसं हवेतलं, पण एक गोष्ट आपल्या दारात आलीय. युरोपचा तो कार्बनचा कर, सीबॅम म्हणतात त्याला, 1 जानेवारी 2026 पासून खरोखर लागू झाला, सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन. पैसे इंपोर्टरनं भरायचे, 2026 मध्ये आलेल्या मालाची सर्टिफिकेटं तो 2027 मध्ये घेणार, पण आकडे मागणार आपल्याकडं. लोखंडाची प्रत्येक वस्तू त्यात नाही, एचएस कोडप्रमाणे, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा जो नंबर असतो त्याप्रमाणे, यादी आहे. तेव्हा आपली कास्टिंग कुठल्या कोडवर जातात ते शिपिंग बिलावरनं काढ आणि सीएंकडनं यादीशी ताडून घे, आणि नसलं तरी भट्टीला लागणारं विजेचं युनिट आणि टनामागचा पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅपचा हिशोब या महिन्यापासनं वहीत नीट ठेवायला सांग, मेल आला की धावाधाव नको.

बाकी किरणोत्सवाला आईला अंबाबाईला घेऊन जा, गर्दीत नको म्हणेल पण तिला जायचं असतं. वहिनीला सांग पोरीसाठी बूट घेतलेत, साईज चुकली असेल तर पुढच्या वर्षी होतील.

गिऱ्हाईकाला मेल पाठवायच्या आधी मला ड्राफ्ट टाक, त्यात "सर काइंडली ॲडजस्ट" वगैरे लिहू नकोस, दोन रेटचा तक्ता वर आणि खाली दोनच ओळी. आणि फोन करणार असशील तर तुझ्या रात्री साडेआठच्या आत कर, हितं अडीच तास पुढं असतंय.

तुझा,
बाळू