यादीतले पॉइंट राहिले

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "झाली का मुंबई बघून?" विचारलंस आणि बाबांनी "झाली" म्हणून फोन माझ्याकडे दिला. तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तुझी यादी छापून नेली होती. गेटवे, एलिफंटा, हाजी अली, सिद्धिविनायक, हँगिंग गार्डन, प्रत्येकापुढे वेळ आणि टॅक्सीचं भाडं. पण आम्ही निघालो सोमवारी. सोमवारी एलिफंटाची लेणी बंद असतात, हे पंचवटी एक्स्प्रेसमध्ये समोर बसलेल्या बाईंनी सांगितलं. कसारा घाट उतरेपर्यंत बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, आता काही ठरवायचं नाही.

तुला माहीतच आहे, नोकरीत असताना फायली घेऊन मंत्रालयात त्यांच्या किती खेपा झाल्या. व्हीटीला उतरायचं (आताचं सीएसएमटी, पण ते अजून व्हीटीच म्हणतात), काम झालं की धावतपळत परतीची गाडी. मी त्यांना लोकलच्या तिकिटांच्या दालनात नेऊन उभं केलं आणि म्हटलं, वर बघा. टोकदार कमानी आणि निळ्या छतावर सोनेरी चांदण्या! खाली रांगेत "सुट्टे द्या, सुट्टे द्या" चाललेलं. एकाचीही मान वर नव्हती. बाबा मात्र इतका वेळ बघत राहिले की मागच्या माणसाने विचारलं, काका, तुम्ही लायनीत आहात का?

मग भुयारी मार्गाने महापालिकेच्या बाजूला आलो. स्टेशन बघायचं तर तिथूनच. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे, फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं, हे मला ठाऊक होतं. १८८८ साली स्टेशन पुरं झालं, आणि ज्या स्टीव्हन्सने ते बांधलं त्यानेच पाच वर्षांनी समोरची पालिकेची इमारत उभी केली. बाबा म्हणाले, एकाच माणसाला दोन्ही टेंडरं!

हुतात्मा चौकात स्मारकापुढे हात जोडले. फ्लोराचं कारंजं १८६४ चं, पण आपल्या माणसांच्या नजरेत आधी भरतात ते मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. १०६ जणांचं बलिदान म्हटल्यावर बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. पुढे टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून घरून नेलेले ठेपले खाल्ले. मग एका इराण्याकडे ब्रुन मस्का. बाबांनी तो चहात इतका बुडवला की निम्मा बशीतच राहिला.

खरा वेळ गेला तो ओव्हल मैदानावर. एका कडेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, सगळं १८७० च्या दशकातलं काळपट दगडी काम. काळे कोट घातलेले वकील लगबगीने चाललेले. समोरच्या कडेला मात्र १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: पिवळ्या, गुलाबी, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे सज्जे. दगडी इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यापुढे समुद्र होता. पुढे भराव घालून समुद्र मागे सारला आणि त्या जागेवर ही नवी घरं आली. बाबांचा निकाल: "म्हणजे ह्यांचा समुद्र त्यांनी पळवला." २०१८ साली युनेस्कोने दोन्ही कडा मिळून जागतिक वारशात घेतल्या, त्यामुळे आता भांडण मिटलं असावं.

टॉवरचा पैसा प्रेमचंद रायचंदांचा, राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. आईच्या नावाने मनोरा बांधणारा मुलगा! (हे तुला उद्देशून नाही.)

मधल्या मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने. एका सामन्याचा चेंडू दुसऱ्याच्या स्टंपांपाशी जातो, तिथला फिल्डर तो न बघताच परत फेकतो आणि आपला खेळ चालू. कुणी कुणावर ओरडत नाही. आम्ही सावली बघून बसलो, बाबांनी चक्क डुलकी काढली. फिरायला जाऊन माणूस झोपतो म्हणून तू हसशील, पण मला तिथून उठवेना.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर थोडं बसलो. सूर्यास्त काही बघितला नाही, सव्वासहाची पंचवटी गाठायची होती. परतताना डबलडेकर मिळाली, वर अगदी पुढची जागा. आता ती विजेवर चालते, एसी आहे. काचा बंद, तोंडावर वारा नाही. जुन्या २०२३ मध्येच बंद झाल्या. नवी मला काही तेवढी भावली नाही.

दिवाळीत तुझे सासू-सासरे मुंबई बघणार आहेत म्हणालास. त्यांच्यासाठी दिवसभराची टॅक्सी ठरवू नकोस. व्हीटीपासून ओव्हलपर्यंत रमतगमत चालत होतं, वाटेत टेकायला जागाही बऱ्याच आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांना टाऊन हॉलच्या पायऱ्या जड जातील, तेवढं बघ. आणि बाथरूमचं स्टेशनातच उरकून घ्यायला सांग, पुढे पंचाईत होते.

बाकी क्षेम. रात्रीचं जेवण वेळेवर कर. शेवग्याच्या शेंगा लागल्यात, येशील तेव्हा नेशील.

तुझी,
आई