रक्तातलं ऑक्झलेट कसं मोजलं ते रिपोर्टवर लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुतखड्यावर लेख येतात त्यात २४ तासांच्या लघवीतल्या ऑक्झलेटचं (कॅल्शियमशी मिळून खडा बनवणारा पदार्थ) सगळं असतं, रक्तातल्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. किडनी चालत असेल तर लघवीची टेस्ट पुरते, पण किडनी निकामी होत आली की ऑक्झलेट बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं आणि प्रायमरी हायपरऑक्झलुरिया या जन्मजात आजारात तर लिव्हरच ते जास्तीचं बनवत असतं, मग अशा पेशंटचं डायलिसिस पुरतंय का हे बघायला रक्ताचा आकडाच लागतो.

तो आकडा फार नाजूक असतो हो. निरोगी माणसात साधारण १ ते ३ मायक्रोमोल प्रति लिटर, ३० ते ५०च्या आसपास गेला की कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हाडांत, हृदयात, डोळ्याच्या पडद्यात साचायची भीती. मी बरीच वर्षं लॅबमध्ये काम केलंय, चूक बहुतेक वेळा मशीनपर्यंत जायच्या आधीच झालेली असते. रक्तातलं व्हिटॅमिन सी ट्यूबमध्ये आपोआप तुटून त्याचं ऑक्झलेट होतं, सॅम्पल टेबलावर पडून राहिलं की आकडा फुगतो. म्हणून हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) ट्यूब, लगेच बर्फ, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला द्रव) वेगळा करून ॲसिड घालायचं आणि उणे ८० डिग्रीला ठेवायचं, हे सगळं पटापट. एकदा आमच्याकडे शुगरच्या ग्रे टोपणाच्या ट्यूबमध्ये सॅम्पल आलं होतं, त्या ट्यूबमध्ये पोटॅशियम ऑक्झलेटच घातलेलं असतं!! पेशंटला परत सुई टोचावी लागली, फार वाईट वाटलं.

पुढे पद्धतींचा घोळ. एन्झाइमच्या पद्धतीत ऑक्झलेट तोडणारं ऑक्झलेट ऑक्सिडेज वापरतात, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं आणि त्याच्यावर रंग येतो, पण व्हिटॅमिन सी ते पेरॉक्साइडच खाऊन टाकतं आणि आकडा कमी दिसतो, म्हणजे तेच व्हिटॅमिन ट्यूबमध्ये आकडा वाढवतं आणि इथे पाडतं, त्यामुळे ते आधी काढून टाकावं लागतं. घटक वेगळे करून मोजणारी आयन क्रोमॅटोग्राफी आहे, रेणू वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री आहे, या दुसरीत कार्बन-१३चं (म्हणजे किंचित जड कार्बनचं) ऑक्झलेट ठरलेल्या मापात घालतात म्हणजे मधे जे वाया जातं त्याचा हिशोब लागतो, माझ्या मते सगळ्यात भरवशाची हीच. पण ते घालायच्या आधी ट्यूबमध्ये जे नवीन तयार झालं ते या मशीनलाही ओळखता येत नाही.

त्यामुळे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाढलं की कमी झालं ठरवणं चुकीचं आहे, आणि पेशंट नेमकं तेच करतात कारण रिपोर्टवर आकड्याशिवाय काही नसतं. माझी विनंती एवढीच की लॅबवाल्यांनी पद्धत, ट्यूब कुठली, ॲसिड घातलं का, रक्त काढल्यापासून किती मिनिटांत गोठवलं आणि डायलिसिसच्या आधीचं की नंतरचं, हे आकड्याखाली दोन ओळींत छापावं.

आपला,
एक जुना लॅब टेक्निशियन