उजवा हात

गोरेगाव, मुंबई
मंगळवार

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एकेक शब्द जुळवत विचारलंत, "वांद्र्याला... काय केलंत?" मी सांगायला लागले आणि रेंज गेली. आईला विचारलंत तर ती म्हणाली असेल, "माऊलीला जाऊन आलो." तिचं सांगणं तेवढ्यातच संपतं. म्हणून लिहायला बसले. आई, दिवेलागणीनंतर हे पत्र तूच बाबांना वाचून दाखव. मध्ये एका ठिकाणी तुला थांबावंसं वाटेल, पण थांबू नकोस. सगळं वाच.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिली, तेव्हा मी आईला विचारलं, कुठे जाऊया? मला वाटलं सिद्धिविनायक म्हणेल, नाहीतर महालक्ष्मी. तर म्हणाली, "मोत माऊलीला." वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला लालबागच्या चाळीत सगळे मोत माऊलीच म्हणायचे. मी म्हटलं, अगं जत्रा सप्टेंबरात होऊन गेली. आठ सप्टेंबर माऊलीचा वाढदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, हे आईलाही पाठ आहे. पण तिला जत्रेला जायचंच नव्हतं. "गर्दीत काय दिसणार? मला नीट बघायचंय," म्हणाली.

गुरुवारी निघालो. अकराच्या सुमाराची लोकल, बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली. आईच्या पिशवीत घरून आणलेला नारळ, आपल्या विहिरीकडच्या माडाचा. मी म्हटलं, चर्चमध्ये नारळ कुठे फोडणार? ती म्हणाली, "फोडायला कुठे, दाखवायला नेतेय." वांद्रे स्टेशनाबाहेर रिक्षा केली आणि चढण सुरू होईपर्यंत ती बाहेर बघत एकेक दुकान वाचत होती. बाबा, पाट्या वाचत होती ती! ऑपरेशनच्या आधी तिला बसचा नंबर दिसत नव्हता, हे आपल्याला किती उशिरा कळलं.

चर्चच्या अलीकडे फुलं आणि मेणबत्त्यांची दुकानं आहेत. झेंडूचे हार, पांढऱ्या मेणबत्त्या आणि मेणाच्या वस्तू: पाय, डोळे, बाळ, घर, परदेशी जाणाऱ्यांसाठी विमानसुद्धा. ज्याचं दुखणं असेल किंवा ज्याची इच्छा असेल, ती वस्तू माऊलीला वाहायची. आई सरळ हातांपाशी गेली. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. दुकानातला पोरगा म्हणाला, "मावशी, सगळे सेमच आहेत." आई त्याला म्हणाली, "नाही रे बाबा. उजवा दे." त्याने एक दिला. आईने स्वतःचा उजवा तळवा त्याच्याशेजारी धरला, अंगठा कुठल्या बाजूला येतो ते बघितलं आणि परत केला. मग त्याने खोका काढून उलथापालथ केली. पाच-सहा हात झाले. मागे दोन बाया खोळंबल्या होत्या. मला अवघडल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, आई, घे ना कुठलाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी एक सापडला, तो तिने पदरात धरला, मेण गरम होऊ नये म्हणून.

चर्चच्या पायऱ्यांशी आईने चपला काढल्या. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, राहू द्या, चालतं. पण आई अनवाणीच गेली. आत गार होतं. भिंतींवर मेरीच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, आणि समोर वेदीवर ती, जरीचा झगा, कडेवर बाळ. आईने हात जोडले आणि पुटपुटत राहिली, किती वेळ ते मी मोजलं नाही. मी मागच्या बाकावर बसले. माझ्या शेजारी लुगडं नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, वांद्र्याच्याच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती. त्यांनी विचारलं, "आईला घेऊन आलीस? काय झालंय?" मी म्हटलं, वडिलांना पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू. तर त्या वेदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिचापण उजवाच हात तोडलेला."

बाबा, मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं साल लागतं, म्हणून घरी येऊन सालं शोधली. पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी सोळाव्या शतकात ही मूर्ती आणली. 1700 मध्ये अरब चाचे आले, तिच्या हातातली वस्तू सोन्याची आहे असं वाटून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला. पुढे मराठ्यांनी वसईची मोहीम काढली, त्या धामधुमीत तिला खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हलवलं. वीसेक वर्षं ती तिथे होती, 1761 मध्ये परत आली. आत्ताची इमारत 1904 ची, शापूरजी चांदाभॉय नावाच्या पारशी वास्तुविशारदाची, आणि बॅसिलिकाचा मान 1954 चा. कोळी लोक वेगळं सांगतात. त्यांच्यातल्या एकाला स्वप्न पडलं आणि माऊली समुद्रावर तरंगताना सापडली. आईला कोळ्यांचीच गोष्ट पटली. पण मी त्या तुटलेल्या हाताशीच अडकले. जिचा स्वतःचा हात गेला, तिच्यापुढे लोक वर्षानुवर्षं मेणाचे हात आणून ठेवतायत.

मेणाचा हात वाहिला. मग रस्त्यापलीकडे, फातिमा माऊलीच्या पायऱ्यांशी मेणबत्ती लावली. तिथे वारा फार. आईने तीनदा पेटवली, चौथ्यांदा मी ओंजळ धरली.

नंतर खाली बँडस्टँडला जाऊन समुद्रासमोर कट्ट्यावर बसलो. डावीकडे सी लिंक दिसत होता. तो 2009 मध्ये झाला, आणि आई या बाजूला त्याच्या किती आधी येऊन गेलेली! "हा नव्हता तेव्हा," एवढंच म्हणाली. आणि मग, समुद्राकडे बघत, तिने ते सांगितलं. आई, इथे थांबू नकोस, वाच.

बाबा, 1989 मध्ये पॉवर प्रेसमध्ये तुमचा हात सापडला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला आठवतं ते फक्त दंडापर्यंतचं बँडेज, आणि तुम्ही डाव्या हाताने मला चहा-खारी भरवलीत ते. 1982 च्या संपात गिरणी सुटली, साचेखात्यातला माणूस पत्र्याच्या कारखान्यात उभा राहिला, आणि तिथे हे झालं. डॉक्टर म्हणाले होते, दोन बोटं कदाचित काढावी लागतील. त्या रात्री खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आईला म्हणाल्या, माऊलीला हात बोल. आई बोलली. बोटं राहिली. महिन्याभराने नर्सबाईंच्या सोबतीने ती नवस फेडायला आली. मला शेजारी ठेवून, घाईघाईत, जत्रेच्या गर्दीत. नर्सबाईंनी हातात दिला तो मेणाचा हात तिने वाहिला आणि परतली. आणि लोकलमध्ये बसल्यावर तिच्या मनात आलं, अंगठा कुठल्या बाजूला होता?

तेव्हापासून तिला वाटतंय की तिने डावा हात वाहिला. उजव्याचा नवस तसाच राहिला. आणि वैशाखात तुम्ही पडवीत पडलात, उजवा हात आणि उजवा पाय गेला, तेव्हा तिला कळलं म्हणे, कशामुळे ते. "माझ्याच हातून चूक झाली गो बाय," असं म्हणाली. पस्तीस वर्षं हे पोटात ठेवलं तिने. तुम्हालासुद्धा बोलली नाही.

आणि मी काय म्हटलं? "काहीतरीच काय आई," म्हटलं, आणि चणेवाल्याला हाक मारली. मला रडू येत होतं आणि तिला ते दिसू नये, एवढंच सुचलं. पण तिला काय वाटलं असेल? तिने एवढं काढून दाखवलं आणि लेक चणे घ्यायला गेली. त्यानंतर दिवसभर ती त्यावर थेट एक शब्द बोलली नाही. जे तिथे बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

आई, डॉक्टरांनी मला एमआरआयची फिल्म उजेडावर धरून दाखवली होती. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. डाव्या मेंदूची सत्ता उजव्या अंगावर चालते, म्हणून उजवा हात गेला आणि बोलणंही अडखळलं. गुठळी कशाने? बीपीने. बाबा, रागावू नका, पण आंब्याच्या हंगामात "बरं वाटतंय" म्हणून तुम्ही दोन महिने गोळ्या बंद केल्या होत्यात. मी रोज फोन करायची, आंबा किती उतरला ते विचारायची, गोळी घेतलीत का ते एकदाही विचारलं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गाडी मिळून शहरातल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सहा तास गेले. हे सगळं झालं त्यात तुझा मेणाचा हात कुठेच येत नाही. असलाच तर माझा न विचारलेला प्रश्न येतो.

आणि तुला देवाच्याच हिशेबाने हवं असेल तर तसंही बघ. त्या वाचलेल्या हाताने बाबांनी पस्तीस वर्षं काय काय केलं? पुढची वीस वर्षं कारखाना केला. माझ्या दहावीच्या वह्यांना खाकी कव्हरं घातली, त्यावर ते वळणदार नाव घातलं. गावी येऊन पडवी बांधली, चिरा स्वतः लावला. हापूसची कलमं बांधली, चाळीसच्या वर. जी माऊली समोरच्याच्या हाताचा अंगठा बघून नवस मोजते, तिने हे होऊ दिलं असतं? डावा असो की उजवा, तिने तेव्हाच घेतला, आणि दिलाही.

बाबा, तुम्हीही तिला हे सांगा. माझं तिला पटेल न पटेल. तुमचं पटेल.

परतताना आईला माहीमचं चर्च बघायचं होतं, माऊली जिथे पाहुणी राहिली ते. रिक्षा वांद्र्यापुढे जात नाही, म्हणून टॅक्सी केली. माहीम कॉजवेवर मी तिला त्या रस्त्याची गोष्ट सांगितली. आधी इथे खाडी होती, माणसं होडीने ये-जा करायची आणि बुडायचीसुद्धा. कंपनी सरकार पैसे घालेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले. अट एकच, टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये रस्ता पुरा झाला. असं सांगतात की त्यांचं मूल आजारी होतं आणि माऊलीला बोललेला नवस फेडायला त्यांनी हा रस्ता केला. आई खिडकीतून खाडी बघत राहिली. "एवढा मोठा नवस," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तिला अंगठ्याची काळजी नाही." तिचा त्या दिवसभरातला हसरा चेहरा तेवढाच. मला तेव्हा समजायला हवं होतं की ती अजून त्याच विचारात आहे.

माहीमला दारातूनच नमस्कार केला. बुधवार असता तर नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या गर्दीत दारापर्यंतही पोचलो नसतो. आईचे पाय दुखत होते, आणि ते तिने सांगितलं, हे मला फार बरं वाटलं. एरवी सांगत नाही.

नारळ तसाच घरी आला. रात्री फोडला, गोड निघाला. त्याच्याच वड्या आईने तुमच्यासाठी डब्यात भरून नेल्या. बाबा, त्या संपल्या असतील तर मला कळवा, मी पुन्हा करून पाठवते. साखर कमी घालीन.

गोळ्यांचा डबा आईकडे दिलाय, सकाळ-संध्याकाळ असे खण आहेत त्याला. आई, रविवारी तो भरून ठेवायचा, आणि सकाळचा खण नाश्त्यानंतर रिकामा झाला की नाही ते नव्या डोळ्याने बघायचं. मीसुद्धा आता आंब्याआधी तेच विचारणार आहे. बाबा, चेंडू दाबायचा व्यायाम सोडू नका. थेरपिस्ट म्हणाले, पहिलं वर्ष महत्त्वाचं, आणि अजून पाच महिने हातात आहेत.

मागच्या महिन्यात बँकेत तुमची सही जुळली नाही आणि अंगठा घेतला, त्याचं तुम्हाला किती लागलं ते आईने सांगितलं. गिरणीत पगाराच्या रांगेत सही करणाऱ्यांतले तुम्ही, मला माहीत आहे. चहाचा कप आता डाव्या हाताने सांडत नाही, असंही आई म्हणाली. तर या पत्राचं उत्तर तुम्ही लिहायचं, बाबा. डाव्या हाताने. चार अक्षरं चालतील, वाकडी चालतील. आईला तिच्या नवसाबद्दल जे सांगायचं असेल ते त्यातच लिहा, मग पाकिटात घालून माझ्याकडे पाठवायच्या आधी तिला वाचायला द्या.

सोबत दोन पोस्टाची पाकिटं ठेवली आहेत, पत्ता घालून.

तुमची,
बाय