शंभर पानं तरी बाहेर बसू द्या

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत खेळाडूंच्या प्रेमकथांवरचा लेख वाचला. आइस हॉकी खेळणारा नायक, अपघातात गेलेला त्याचा भाऊ आणि त्याला पुन्हा माणसांत आणणारी नायिका, असल्या इंग्रजी कादंबऱ्या म्हणजे प्रवासातला टाइमपास, असं म्हणून लेखकाने विषय उडवून लावला आहे. माझ्या पुतणीने पुण्याहून अशा दोन आणून दिल्या होत्या. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, त्यामुळे टाइमपास म्हणाल तर चांगला तीन महिने पुरला.

त्या हलक्याफुलक्या आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना घाई फार आहे. चाळिसाव्या पानावर भावाची जर्सी उशाशी घेऊन झोपणारा गडी ऐंशीव्या पानावर प्रेमात पडतो आणि शेवटी हातात करंडक!

कबड्डीच्या भाषेत सांगतो. पूर्वी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाई. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला उठायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत. अमरमध्ये नुसते गुण मोजायचे, मैदान कोणी सोडायचं नाही. आज टीव्हीवर दिसते ती संजीवनी. या कादंबऱ्याही तीच खेळतात. एक गेला, दुसरी आली, गडी उठला.

एकातेरिना गोर्दीवा आणि सर्गेई ग्रिंकोव्ह यांची गोष्ट मात्र कोणी रचलेली नाही. फिगर स्केटिंगमधली ही रशियन जोडी. १९८८ साली कॅलगरीला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं तेव्हा एकातेरिना १६ वर्षांची होती. १९९१ मध्ये दोघांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगी, १९९४ मध्ये लिलेहामरला पुन्हा सुवर्ण. २० नोव्हेंबर १९९५ रोजी लेक प्लॅसिडला सराव करता करता तो बर्फावरच हृदयविकाराने गेला. वय २८. तीन महिन्यांनी हार्टफर्डला त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि जिचं सगळं नाव जोडीने खेळण्यात झालेलं, ती तिथे एकटी उतरली. पुढे काही वर्षांनी तिने दुसरा संसार मांडला. पण बर्फावर ती परतली ती त्याआधीच. कादंबरीत हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी प्रेम, मग खेळ.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी पत्नी खो-खो खेळायची, मी कबड्डी. आमचं लग्न ठरवायला मध्यस्थ लागला नाही, एका शिबिरातल्या जेवणाच्या रांगेने काम केलं. चार वर्षांपूर्वी ती गेली. नंतर पाच महिने मी मैदानाकडे फिरकलो नाही. वाटेत मैदान लागतं म्हणून दूध आणायलासुद्धा मागच्या गल्लीने जायचो. एका संध्याकाळी मंडळाची पोरं दारात आली. ‘काका, गुणलेखक आला नाही, तुम्ही नुसतं बसा.’ ही थाप होती, ते नंतर कळलं.

बसलो. चढाई तीस सेकंदांची असते. तेवढा वेळ पेन हातात धरून चढाईपटूच्या पायांकडे बघायचं, बोनस रेषेपलीकडे पाऊल पडलं का, मागचा पाय उचललेला होता का. तेवढ्यात दुसरं काही मनात येत नाही. मग पुढची चढाई. घरी सांत्वनाला आलेल्यांची वाक्यं मला शेवटपर्यंत ऐकवत नव्हती, पण वीस मिनिटांचा डाव मी पूर्ण पाहिला. उत्तरार्धात खो-खोच्या मुली पलीकडे सरावाला आल्या, एकीने ‘खो’ दिला आणि माझे दोन गुण लिहायचे राहिले. पंचाने नंतर स्वतःच्या पेनाने भरले. बोलला काही नाही.

आपल्याकडे गावोगाव तालमी आहेत, कबड्डीची मंडळं आहेत, पण अशी मराठी कादंबरी निदान माझ्या हाती तरी आलेली नाही. आपल्या दिवाळी अंकासाठी एखाद्या लेखकाला, त्याहून बरं म्हणजे एखाद्या खेळलेल्या बाईला, ती लिहायला सांगा. नायकाने शेवटी दुसरं लग्न केलं तरी माझी हरकत नाही. फक्त आधी शंभर पानं त्याला रेषेबाहेर बसू द्या.

आपला,
एक जुना कबड्डीपटू, कराड